भाष्यग्रंथांचा पारखी : चार्ल्स हॅडन स्पर्जन

इ. स. १८७६ मध्ये लंडनच्या पॅसमोर आणि अ‍ॅलाबास्टर या प्रकाशनसंस्थेने एक आटोपशीर पुस्तक प्रसिद्ध केले. ‘कॉमेंटिंग अँड कॉमेंटरीज’ हे त्याचे नाव. आरंभी दोन व्याख्याने आणि त्यांच्यापुढे बायबलवरील चौदाशेहून अधिक भाष्यग्रंथांची सूची, अशी त्याची साधी रचना होती. ग्रंथसूची ही सामान्यतः ग्रंथपालाच्या मेजावरची वस्तू. ती सलग वाचावयास कोणी बसत नाही. ही सूची मात्र शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी वाचली जाते, कारण तिच्यातील बहुतेक नोंदींना एखाद-दुसऱ्या वाक्याचा निर्णय जोडलेला आहे आणि तो निर्णय देणारा मनुष्य भीडभाड ठेवणारा नव्हता. विशेष असे की, हा निर्णय देणाऱ्याने कोणत्याही विद्यापीठात किंवा धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात एक दिवसही अध्ययन केलेले नव्हते. चार्ल्स हॅडन स्पर्जन हे व्हिक्टोरियन इंग्लंडमधील सर्वांत लोकप्रिय प्रवचनकार म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांच्या वक्तृत्वाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या वक्तृत्वामागे उभे असलेले ग्रंथांचे कपाट मात्र तितकेसे कोणी उघडून पाहिलेले नाही.

मराठी वाचकाच्या मनात टीका, भाष्य, वार्तिक, विवरण या शब्दांचे निरनिराळे अर्थ आहेत. इंग्रजीत या सर्वांसाठी मिळून एकच शब्द चालतो आणि त्याच्या पोटात अगदी भिन्न जातीचे ग्रंथ येतात. कोणी मूळ हिब्रू वा ग्रीक शब्दांचे व्याकरण पाहतो, कोणी इतिहास आणि भूगोल सांगतो, कोणी केवळ प्रतिपक्षाच्या खंडनासाठी लेखणी उचलतो, तर कोणी भाविकाच्या मनाला ओलावा देण्यापलीकडे काही इच्छीत नाही. प्रॉटेस्टंट उपासनेत प्रवचन हे केंद्रस्थानी असते. त्यामुळे दर रविवारी व्यासपीठावर उभे राहणाऱ्या पाळकापुढे यांतले काय घ्यावे, किती घ्यावे आणि घेतलेले कितपत दाखवावे, हा प्रश्न आठवड्याला एकदा तरी येतोच. पाळक खेड्यातला आणि गरीब असेल तर त्याच्या आधी आणखी एक प्रश्न येतो : मुळात विकत काय घ्यावे? स्पर्जन यांच्या आयुष्यातील एक मोठा भाग या दोन प्रश्नांना उत्तर देण्यात गेला.

त्यांचा जन्म १९ जून १८३४ रोजी एसेक्स परगण्यातील केल्व्हेडन या गावी झाला. वडील जॉन आणि आजोबा जेम्स हे दोघेही राजमान्य चर्चच्या बाहेर असलेल्या स्वतंत्र मंडळ्यांचे उपदेशक. मूल लहान असतानाच त्याला स्टॅमबोर्न येथे आजोबांकडे ठेवण्यात आले आणि पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत चार्ल्स तेथेच वाढला. त्या काळी इंग्लंडात घराच्या खिडक्यांवर कर असे. तो वाचविण्यासाठी लोक खिडक्या बुजवून टाकीत. आजोबांच्या घरातील एक खोली अशीच काळोखी झाली होती आणि तिच्यात सतराव्या शतकातील प्युरिटन धर्मपंडितांचे जाडजूड ग्रंथ पडून होते. त्या खोलीतून हे ग्रंथ उजेडात ओढून आणावयाचे आणि ते चाळीत बसावयाचे, हा या मुलाचा खेळ झाला. बनियनची यात्रेकरूची कथा आणि फॉक्सचा हुतात्म्यांचा इतिहास त्याला येथेच सापडला. पुढे ज्या ग्रंथकारांची नावे लंडनच्या विद्वानांनाही आठवत नसत, ती स्पर्जन यांच्या तोंडी घरच्या माणसांच्या नावांसारखी येत. त्याचे मूळ या काळोख्या खोलीत आहे.

६ जानेवारी १८५० रोजी हिमवादळामुळे ठरलेल्या मंदिरात पोचता न आल्याने तो कोलचेस्टर येथील प्रिमिटिव्ह मेथडिस्ट पंथाच्या एका लहान चॅपेलमध्ये शिरला. तेथे एका साध्या, अल्पशिक्षित माणसाने यशयाच्या ४५ व्या अध्यायातील २२ व्या वचनावर केलेले प्रवचन ऐकून त्याच्या मनाचा पालट झाला. त्याच वर्षी ३ मे रोजी आयल्हॅम येथे लार्क नदीत त्याने बॅप्टिस्ट रीतीप्रमाणे बाप्तिस्मा घेतला. पुढच्याच वर्षी, वयाच्या १७ व्या वर्षी, केंब्रिजजवळच्या वॉटरबीच या खेड्यातील मंडळीने त्याला आपला पाळक नेमले.

येथे त्याच्या आयुष्यात तो प्रसंग घडला ज्याची हकीकत चरित्रकार नेहमी सांगतात. १८५२ मध्ये वडिलांच्या आणि हितचिंतकांच्या आग्रहावरून स्टेपनी कॉलेजचे प्रमुख डॉ. जोसेफ अँगस यांची भेट केंब्रिजमध्ये मॅकमिलन या प्रकाशकाच्या घरी ठरली. स्पर्जन वेळेवर पोचले. मोलकरणीने त्यांना एका खोलीत बसविले आणि अँगस आले तेव्हा त्यांना दुसऱ्या खोलीत. दोघेही एकमेकांची वाट पाहत राहिले. शेवटी अँगस लंडनला निघून गेले. स्पर्जन यांनी या घटनेत ईश्वरी संकेत पाहिला आणि पुन्हा महाविद्यालयाचे नाव काढले नाही. हा संकेत होता की निव्वळ योगायोग, याचा निवाडा करण्याचे कारण नाही. परिणाम मात्र स्पष्ट आहे. शिक्षक मिळाला नाही तेव्हा त्यांनी ग्रंथांना शिक्षक केले. त्याच १८५२ साली खेड्यातल्या त्या तुटपुंज्या मिळकतीतून त्यांनी जॉन गिल यांचे सबंध बायबलवरील भाष्य मासिक हप्त्यांनी घेण्यास आरंभ केला होता.

गिल यांची निवड पुढे लक्षणीय ठरली. डिसेंबर १८५३ मध्ये लंडनच्या न्यू पार्क स्ट्रीट चॅपेलने या खेडवळ तरुणाला प्रवचनासाठी बोलाविले आणि एप्रिल १८५४ मध्ये, वयाची वीस वर्षे पुरी होण्याच्या आत, त्याला आपला पाळक म्हणून कायम केले. ही मंडळी जुनी आणि एके काळी मोठी वैभवाची होती. बेंजामिन कीच, जॉन गिल आणि जॉन रिपन हे तिचे पूर्वीचे पाळक. गिल यांनी तर पन्नासहून अधिक वर्षे तिची सेवा केली होती. ज्याचे भाष्य हप्त्यांनी घेतले त्याच्याच गादीवर दोन वर्षांत येऊन बसण्याचा योग क्वचित कोणाच्या वाट्याला येतो. पण स्पर्जन गिल यांचे अंध अनुयायी झाले नाहीत. यहुदी रब्बींच्या ग्रंथांतील गिल यांची गती त्यांनी मुक्तकंठाने वाखाणली. मात्र त्यांच्या कठोर पूर्वनियतिवादातून निर्माण झालेल्या पंथाने इंग्लंडातील बॅप्टिस्टांचे नुकसान केले, असेही ते मानीत. अपराध गुरूपेक्षा गुरूच्या पुढे धावलेल्या शिष्यांचा अधिक, असा त्यांचा एकूण अभिप्राय दिसतो. मोठ्या भाष्यकाराकडून घ्यावे आणि तरीही त्याचे मांडलिक होऊ नये, ही गोष्ट ते प्रथम आपल्या पूर्वसूरीच्या बाबतीत शिकले.

लंडनमध्ये गर्दी लोटू लागली. चॅपेल वाढविले, तेही पुरेना. तेव्हा सरे गार्डन्समधील संगीतगृह भाड्याने घेण्यात आले. तेथील पहिल्याच सभेत, १९ ऑक्टोबर १८५६ च्या संध्याकाळी, कोणीतरी आग लागल्याची खोटी ओरड केली आणि चेंगराचेंगरीत ७ माणसे मृत्युमुखी पडली. व्याख्याता तेव्हा २२ वर्षांचा होता. त्याच वर्षी त्याचा विवाह झाला होता आणि जुळी मुले जेमतेम महिन्याची होती. या धक्क्याची छाया त्याच्या मनावरून कधी पुरती हटली नाही. पुढील आयुष्यात वारंवार आलेल्या विषण्णतेचे एक मूळ या रात्री आहे असे मानण्यास जागा आहे. १८६१ मध्ये पाच-सहा हजार माणसे सामावणारे मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकल उघडले. तेथे ते अखेरपर्यंत प्रवचन करीत राहिले.

आठवडाभर व्याख्याने, संस्था, पत्रव्यवहार आणि प्रवास यांत बुडालेला हा मनुष्य रविवारचे प्रवचन शनिवारी रात्री तयार करीत असे, हे ऐकून कोणासही आश्चर्य वाटेल. शनिवारी दुपारी घरी पाहुणे येत, चहा होई, घरातली प्रार्थना होई, आणि मग पाहुण्यांना प्रेमाने पण निश्चयाने निरोप दिला जाई. त्यानंतर ते अभ्यासिकेत जात. पहिले काम वचन निवडण्याचे, आणि तेच सर्वांत अवघड. अनेकदा एकामागून एक वचन घेऊन ते टाकून देत आणि तासन्‌तास हाती काही लागत नसे. त्यांच्या पत्नी सुझॅना यांनी या वेळांचे जे वर्णन ठेवले आहे त्यावरून त्यांची पद्धत कळते. मेजाजवळ पत्नीसाठी आरामखुर्ची ओढून ठेवलेली असे आणि तिच्याजवळ ग्रंथांचा ढीग, प्रत्येक ग्रंथ हव्या त्या पानावर उघडलेला. पत्नी एकामागून एक भाष्ये वाचीत जाई आणि स्पर्जन ऐकत राहत. कोणत्या वचनावर कोणी लिहिले आहे हे त्यांना पाठ असे. हात सरळ त्या ग्रंथावर जाई. त्या रुक्ष दिसणाऱ्या पानांतून ते जे वेचून घेत त्याला सुझॅना यांनी मधमाशीची उपमा दिली आहे. ती नवी नाही, पण येथे शोभते.

ग्रंथ मात्र नेहमी उपयोगी पडत असे नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षीची एक आठवण सुझॅना यांनी नमूद करून ठेवली आहे. ११० व्या स्तोत्रातील तिसऱ्या वचनावर बोलावयाचे ठरले होते, पण त्याचा उलगडा होईना. जवळ होती नव्हती ती सारी भाष्ये पाहून झाली, रात्र वाढली, आणि शेवटी पत्नीने त्यांना झोपावयास पाठविले. पहाटे उठवीन असे तिने वचन दिले. रात्री ते झोपेतच बोलू लागले, आणि जे बोलले ते त्या वचनाचे सुसंगत विवरण होते. पत्नीने ते जागून मनात साठवून ठेवले आणि सकाळी त्यांना सांगितले. त्या सकाळचे प्रवचन त्यावरच झाले. भाविकांनी यात चमत्कार पाहिला. दिवसभर मनात घोळलेली भाष्ये झोपेत आपली आपण जुळून आली, असेही म्हणता येईल, आणि तसे म्हटल्याने त्या ग्रंथांची थोरवी कमी होत नाही.

प्रवचनाला जाताना हातात एखादे आखूड टिपण असे. ग्रंथांचा ढीग घरीच राही. लघुलेखक शब्द टिपून घेत, सोमवारी ते मजकूर तपाशीत आणि त्याच आठवड्यात प्रवचन एका पेनीला विकले जाई. १८५५ पासून हा क्रम चालू झाला तो १९१७ पर्यंत, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतरही २५ वर्षे, चालला. ६३ खंडांतील साडेतीन हजारांहून अधिक प्रवचने वाचताना भाष्यकारांची नावे फार क्वचित भेटतात. इतक्या ग्रंथांचे सार त्यांत उतरलेले असूनही ती ग्रंथांच्या ओझ्याने वाकलेली नाहीत.

स्वतःला न मिळालेले शिक्षण इतरांना मिळावे म्हणून स्पर्जन यांनी १८५६ मध्ये एका विद्यार्थ्यावर पाळकांसाठी महाविद्यालय सुरू केले. अगोदरच उपदेश करीत असलेल्या, पण पैशाअभावी वा शिक्षणाअभावी इतर महाविद्यालयांची दारे बंद असलेल्या तरुणांसाठी ते होते. ज्यांना फी परवडत नसे त्यांच्याकडून ती घेतली जात नसे. त्यांच्या हयातीत आठशेहून अधिक पाळक तेथून बाहेर पडले. शुक्रवारी दुपारी आठवड्याच्या कामाने थकलेल्या विद्यार्थ्यांपुढे स्पर्जन मोकळेपणाने बोलत. ही व्याख्याने १८७५ पासून पुस्तकरूपाने निघाली. भाष्यग्रंथांवरील दोन व्याख्याने त्यांतलीच.

त्यांतील पहिल्या व्याख्यानाचा रोख दोन प्रकारच्या माणसांवर आहे. पवित्र आत्मा आपल्याला सर्व काही थेट शिकवितो, सबब जुन्या भाष्यांची गरज नाही, असे म्हणणारा उपदेशक त्या काळी इंग्लंडात दुर्मीळ नव्हता. स्पर्जन त्याला शांतपणे विचारतात की, जो आत्मा तुला शिकवितो त्याने याआधी दुसऱ्या कोणाला काहीच शिकविले नाही काय? विक्षिप्त अर्थ काढणारे पुष्कळ लोक पूर्वीच्या थोरांचा थोडा परिचय असता तर वाचले असते, असे त्यांचे मत होते. दुसरा माणूस याच्या उलट. तो भाष्यकाराच्या आधाराशिवाय पाऊल टाकीत नाही. त्याच्याविषयी स्पर्जन कमी बोलतात, कारण त्यांच्या वर्गात बसलेले खेड्यातले तरुण बहुधा पहिल्या जातीचे होते.

मग ते एकेका भाष्यकाराला विद्यार्थ्यांपुढे उभे करतात. मॅथ्यू हेन्री यांना पहिला मान. महाविद्यालय सोडल्यावर पहिल्या बारा महिन्यांत त्यांचे भाष्य सबंध वाचून काढावे, असा आग्रह धरताना व्हिटफील्ड यांनी ते चार वेळा वाचले आणि शेवटच्या वेळी गुडघे टेकून वाचले, याची आठवण ते देतात. हेन्री यांचा मृत्यू १७१४ मध्ये प्रेषितांच्या कृत्यांपर्यंतचे काम आटोपल्यावर झाला आणि पुढचा भाग इतर पाळकांनी पुरा केला. त्यामुळे हे भाष्य वाचणाऱ्याला रोमकरांस पत्रापासून हात बदलल्याची जाणीव होते. कॅल्व्हिन यांना ते भाष्यकारांतील राजाचे स्थान देतात, कारण वाक्यातून आपल्याला हवा तो अर्थ काढण्याऐवजी वाक्यात जो आहे तोच अर्थ त्यांनी काढला. हेन्री एकदा वाचून झाले असतील आणि एकच भाष्य जवळ ठेवावयाचे असेल तर आपण बहुधा मॅथ्यू पूल यांना निवडू, असेही ते सांगतात. जॉन ट्रॅप हे त्यांचे विशेष लाडके. त्यांचा तिखटमिठाचा विनोद स्पर्जन यांच्या स्वभावाला जुळणारा होता. ज्याला तारतम्य नाही त्याने मात्र ट्रॅप यांच्यापासून दूर राहिलेले बरे, अशी पुस्तीही ते जोडतात.

प्रतिपक्षाच्या ग्रंथांविषयीची त्यांची वृत्ती याहून बोधप्रद आहे. वेस्ली यांच्या परंपरेतील अ‍ॅडम क्लार्क हे सिद्धान्तात त्यांच्या विरुद्ध टोकाला. शिवाय एदेन बागेतील सर्प म्हणजे वानरजातीचा एक प्राणी असावा, अशा विचित्र कल्पनांची त्यांना हौस. स्पर्जन या कल्पनांची यथेच्छ थट्टा करतात आणि लगेच सांगतात की, विवेक जागा ठेवून वाचल्यास क्लार्क यांच्यापासून अपार लाभ होईल. प्लिमथ ब्रदरन या पंथातील विल्यम केली यांच्या बुद्धीची ते कदर करतात आणि ती पंथाच्या चौकटीत आकसल्याबद्दल हळहळतात. चार्ल्स सिमिअन यांच्या प्रवचनांच्या सांगाड्यांचे २१ खंड लोकांना कोरड्या हाडांची दरी वाटतात. स्पर्जन यांचे म्हणणे असे की, वाचणाऱ्याने यहेज्केल व्हावे, म्हणजे हाडे जिवंत होतील. ईयोबावरील जोसेफ कॅरिल यांचे बारा खंडांचे भाष्य पाहून त्यांना कॅरिल यांनाच ईयोबाची सोशिकता लाभली असावी असे वाटते.

सूची तयार करताना त्यांनी तीन ते चार हजार ग्रंथ नजरेखालून घातले आणि त्यांतून निवड केली. मांडणीत व्यवहार आहे. उत्तम ग्रंथ मोठ्या टंकात, मध्यम ग्रंथ साध्या टंकात आणि सामान्य ग्रंथ बारीक टंकात छापलेले आहेत, म्हणजे घाईत असलेल्या वाचकालाही पान पाहताच कळावे. जागोजागी किमती दिलेल्या आहेत, जुन्या बाजारात पुस्तक कितीला मिळेल हेही दिलेले आहे. लॅटिन भाष्ये मुद्दाम वगळली, कारण ती मिळण्यास कठीण आणि मिळालीच तर सहज वाचणारा पाळक विरळा. ज्याच्यासाठी ही सूची केली तो मनुष्य शिलिंग मोजून पुस्तक घेणारा आहे, हे लेखक कोठेही विसरत नाही. टीकाग्रंथाच्या मूल्यमापनात विद्वत्तेइतकेच वाचकाच्या खिशाला स्थान देणारे असे दुसरे उदाहरण चटकन आठवत नाही.

खिसा अगदीच रिकामा असला तर काय करावे, याचे उत्तर त्यांनी दुसऱ्या एका व्याख्यानात दिले आहे. थोडी पुस्तके असतील तर ती पुरती आत्मसात करावीत. वीस ग्रंथ चाळण्यापेक्षा एक ग्रंथ मुरवलेला बरा. घ्यावयाचे ते उत्तमच घ्यावे. उसने आणावे, पण परत करावे; या दुसऱ्या अटीवर ते बरेच विनोद करतात. त्याच व्याख्यानात ते मंडळ्यांच्या कारभाऱ्यांनाही ऐकवितात की, पाळकाला ग्रंथांसाठी दरवर्षी थोडी रक्कम वेगळी काढून देणे हे दान नसून स्वतःच्याच ताटाची सोय आहे. पाळकाची उपासमार शेवटी ऐकणाऱ्यांच्या वाट्याला येते, हा हिशेब त्यांनी व्यापारी लोकांना समजेल अशा भाषेत मांडला.

दुसरे व्याख्यान वापरासंबंधी आहे. उपासनेत बायबलचा अध्याय नुसता वाचून जाण्याऐवजी ओघात त्याचे विवरण करीत वाचावा, असा त्यांचा आग्रह होता. टॅबरनॅकलमध्ये प्रवचनाच्या अगोदर ते हे नेमाने करीत आणि प्राचीन धर्मपित्यांची हीच रीत होती, याकडे लक्ष वेधीत. मात्र व्यासपीठावरून मूळ भाषेच्या आधारे प्रचलित भाषांतरात ऊठसूट दुरुस्त्या सुचविणे आणि पंडितांच्या नावांची माळ ओढणे त्यांना मुळीच खपत नसे. हिब्रू आणि ग्रीक शिकावे, भाष्ये झिजवावीत, पण ऐकणाऱ्याच्या मनात आपल्या ग्रंथावरचा विश्वास डळमळवून स्वतःची विद्वत्ता मिरवू नये.

नेमक्या या ठिकाणी त्यांच्या भूमिकेची कसोटी लागली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलची ऐतिहासिक चिकित्सा जर्मनीतून इंग्लंडात पसरत होती. ग्रंथाचे कर्तृत्व, काळ आणि रचना यांविषयी ती जे प्रश्न विचारीत होती ते वाचकासमोर येत ते नव्या विद्वान भाष्यांतूनच. स्पर्जन यांना जर्मन विद्वत्तेचे वावडे नव्हते. काइल, डेलिच, हेंगस्टेनबर्ग यांसारख्या परंपरानिष्ठ पंडितांची भाषांतरित भाष्ये त्यांच्या सूचीत आहेत आणि त्यांतील व्याकरणज्ञानाचा त्यांनी आदर केला आहे. पण ज्या चिकित्सेने ग्रंथाचे प्रामाण्यच प्रश्नांकित होते ती त्यांना घराला लागलेल्या आगीसारखी वाटे. १८८७ मध्ये त्यांच्या ‘द सोर्ड अँड द ट्रॉवेल’ या मासिकात या उताराविरुद्ध लेख येऊ लागले. पाळकवर्गच मूळ श्रद्धेपासून घसरत आहे, हा त्यांतील आरोप. बॅप्टिस्ट युनियनने निःसंदिग्ध मतपत्रिका स्वीकारावी ही त्यांची अपेक्षा पुरी झाली नाही, आणि ऑक्टोबर १८८७ मध्ये ते युनियनमधून बाहेर पडले. जानेवारी १८८८ मध्ये युनियनच्या कार्यकारिणीने त्यांच्यावर ठपका ठेवला. त्यांच्या महाविद्यालयात शिकलेले काही पाळकही या वेळी त्यांच्या बाजूने उभे राहिले नाहीत.

येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. प्रतिपक्षाचे भाष्यही विवेकाने वाचावे, असे सांगणारे स्पर्जन आणि १८८७ चे स्पर्जन यांत विसंगती आहे असे काही अभ्यासकांना वाटते. वस्तुतः क्लार्क काय किंवा केली काय, ग्रंथाला प्रमाण मानून त्याच्या अर्थाविषयी भांडत होते; नवी चिकित्सा प्रमाणाविषयीच बोलत होती. त्यांच्या दृष्टीने हा वाचनाचा प्रश्नच राहिला नव्हता. तथापि हेही मान्य केले पाहिजे की, त्या चिकित्सेने उभे केलेले प्रश्न खरे होते आणि प्युरिटनांच्या जाड ग्रंथांत त्यांची उत्तरे नव्हती, कारण त्या ग्रंथांच्या काळी ते प्रश्न त्या रूपात कोणी विचारलेलेच नव्हते. स्पर्जन यांची सूची जेथे दुबळी आहे ती नेमकी याच जागी. सतरावे शतक तिच्यात घरच्यासारखे वावरते, तर तिच्या स्वतःच्या काळाला पुष्कळदा दाराशीच उभे राहावे लागते.

त्यांचे स्वतःचे मोठे भाष्य स्तोत्रसंहितेवरचे. ‘द ट्रेझरी ऑफ डेव्हिड’ हा ग्रंथ १८६९ ते १८८५ या काळात सात खंडांत निघाला. प्रत्येक स्तोत्रावर प्रथम त्यांचे विवरण, मग शेकडो जुन्या लेखकांतून निवडलेले उतारे, आणि शेवटी खेड्यातल्या उपदेशकासाठी प्रवचनाच्या सूचना, अशी त्याची घडण आहे. दुर्मीळ ग्रंथांतून उतारे काढण्यासाठी सहायक ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात खेपा घालीत. ज्याला हे सारे ग्रंथ कधीच विकत घेता येणार नाहीत त्याच्या हाती त्यांचे सार एकत्र पडावे, हा हेतू पानोपानी दिसतो.

त्याच माणसासाठी सुझॅना यांनीही काम केले, आणि ते पतीच्या कामाइतकेच टिकाऊ ठरले. दीर्घ आजाराने त्या बहुतेक घरातच असत. १८७५ मध्ये विद्यार्थ्यांपुढील व्याख्यानांचा पहिला खंड छापून आला तेव्हा हा इंग्लंडातील प्रत्येक पाळकाच्या हाती जावा, असे त्या म्हणाल्या. त्यावर त्यासाठी तू काय देशील, असे पतीने विचारले. त्यांनी पाच शिलिंगांची नाणी बाजूला टाकून साठविली होती. मोजली तेव्हा ती बरोबर शंभर प्रतींच्या किमतीइतकी भरली. त्यातून गरीब पाळकांना पुस्तके देणारा निधी उभा राहिला. वर्षानुवर्षे एकही नवे पुस्तक न घेऊ शकलेल्या माणसांची पत्रे त्यांच्याकडे येत आणि त्या बिछान्यावरून गठ्ठे पाठविण्याची व्यवस्था करीत. सर्वाधिक मागणी स्तोत्रांवरील त्या सात खंडांना असे. १९०३ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तोवर सुमारे २ लाख ग्रंथ या निधीतून वाटले गेले होते.

स्पर्जन यांची प्रकृती तिशीनंतर कधीच धड नव्हती. संधिवाताच्या जातीचा गाउट, मूत्रपिंडाचा विकार आणि मनाची खिन्नता यांनी त्यांना पोखरले. हिवाळा ते फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मेन्तों येथे काढीत. तेथेच शेवटच्या महिन्यांत ते मत्तयाच्या शुभवर्तमानावर एक सुबोध भाष्य लिहीत होते. ३१ जानेवारी १८९२ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, ते वारले तेव्हा ते अपुरे होते. उरलेला भाग त्यांच्याच प्रवचनांतून आणि लिखाणातून जुळवून एका स्नेह्याने पुरा केला आणि १८९३ मध्ये ग्रंथ निघाला. हेन्री यांच्या भाष्याचे जे झाले तेच थोड्या प्रमाणात याचेही झाले.

त्यांच्या घरी सुमारे १२ हजार ग्रंथ होते. त्यांतील पाच हजारांहून अधिक, प्युरिटनांचा मोठा भाग धरून, १९०६ मध्ये अमेरिकेतील मिसूरी राज्यातल्या विल्यम जुवेल कॉलेजने अवघ्या ५०० पौंडांना विकत घेतले. शंभर वर्षांनी, २००६ मध्ये, ते त्याच राज्यात कॅन्सस सिटी येथील मिडवेस्टर्न बॅप्टिस्ट थिऑलॉजिकल सेमिनरीकडे गेले.